पाच मिनिटांनी उठवा

जनरेटर वॉर्डांना आणि ऑपरेशनला पुरतो, डॉक्टरांच्या या झोपायच्या खोलीला नाही. तेव्हा दिवे येईपर्यंत बसा निवांत. टॉर्च असा खाली तोंड करून ठेवतो, डोळ्यांवर नको. तुम्ही तिघं डॉक्टर कालच रुजू झालात आणि आल्या आल्या या वॉर्डबॉय मामाने तुम्हाला दटावलं, की झोपण्याआधी दारावरच्या पाटीवर नाव लिहा आणि किती वाजता उठवायचं तेही लिहा. तुम्ही हसलात. पहिलीच्या वर्गात आल्यासारखं वाटतंय म्हणालात. हसा, माझी ना नाही. या खोलीत हसू तसं कमीच ऐकू येतं. पण पाटी का टांगली ते आधी ऐका.

ऐकीव नाही सांगत. ज्यांच्यावर गुदरलं, त्यांनी स्वतः या बाहेरच्या जिन्यावर बसून मला सांगितलंय. आणि थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दोन वर्षं झाली. नोव्हेंबरची एकोणीस तारीख उलटून वीस लागलेली, रात्रीचे पावणेदोन. तेव्हा इथे एक डॉक्टर होते, औषधांच्या वॉर्डाचे. आम्ही त्यांना ‘बघतो डॉक्टर’ म्हणायचो. कुणी काहीही सांगा, उत्तर एकच: बघतो. सिस्टर म्हणाली, पाच नंबरला ताप आहे. बघतो. मोठे डॉक्टर म्हणाले, उद्याचीही रात्र कराल का, तो दुसरा आजारी आहे. बघतो. लिफ्ट बंद पडली, तर लिफ्टवालासुद्धा त्यांनाच सांगायचा. नाही म्हणायचं त्यांच्या जिभेला वळणच नव्हतं. स्वभावाला औषध नाही म्हणतात, ते डॉक्टरांनाही लागू.

त्या रात्री ते इथे, तिसऱ्या मजल्यावर आले ते फक्त चार्जर न्यायला. फोनचं चार्जिंग संपत आलं होतं, आणि फोन चालू राहणं गरजेचं होतं. अकरा नंबरला एक आजी होत्या. जन्मभर शाळेत शिकवलेल्या. नळ्या लागलेल्या असतानाही डॉक्टरांना सांगायच्या, पाठ ताठ ठेवा. त्यांच्या फुप्फुसात पाणी होत होतं. डॉक्टरांनी सिस्टरला बजावलं होतं, श्वास मिनिटाला तिसाच्या वर गेला की त्याच मिनिटाला मला बोलवा, उशीर केलात तर आजी हाती लागणार नाहीत. सिस्टर म्हणाल्या, लगेच फोन करते. म्हणून चार्जर. खाली टेबलावर इतरांचे चार्जर पडले होते, ते काही त्यांच्या फोनला चालेनात. काम एवढंसं. वर जायचं, वायर उचलायची, खाली यायचं.

आता त्यांची तेव्हाची अवस्था सांगतो, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच आहे.

वर्षभरात माणूस हळूहळू कमी होत गेला होता. मला दिसत होतं, पण नाव देता येत नव्हतं. आधी त्यांनी पेशंटची नावं सोडली, नंबर धरले. मग चहा निम्मा टाकू लागले. एकदा लिफ्टपुढे उभे होते, लिफ्ट आली, उघडली, मिटली, पुन्हा वर गेली, हे उभेच. ‘कुठे जायचंय डॉक्टर?’ मी विचारलं. म्हणाले, ‘तेच आठवतोय, मामा.’ मी थट्टा समजून हसलो. तेही हसले, पण डोळे हसले नाहीत. भाड्याच्या खोलीत एकटे राहायचे. ड्यूटी संपवून घरी गेले की खाली स्कूटरवरच बसून राहायचे, पाऊण पाऊण तास. वर जायचं म्हणजे कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, काहीतरी खायचं, आणि एवढं सगळं कोण करणार. त्यांची थोरली बहीण दूरच्या गावी. रोज रात्री साडेनऊला फोन करायची. आधी हे बोलायचे. मग ‘ताई, ड्यूटीवर आहे’ एवढं लिहून पाठवायचे. मग सुट्टीच्या दिवशीही तेच लिहायला लागले.

आणि एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्या रात्रीच्या तीन आठवडे आधी त्यांच्या हातात एक माणूस गेला, चाळिशीचा. त्यांनी नातेवाइकांना सांगितलं, कागदावर सही केली, हात धुतले. आणि हात धुताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला काहीच वाटत नाहीये. वाईट नाही, दुःख नाही, काही नाही. त्याचीच त्यांना भीती बसली. जगाला तपासणाऱ्याची नाडी कुणी धरत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

तर ते या दारापर्यंत आले. तेव्हा पाटी नव्हती. या खोलीचा रिवाज मात्र होता, आजही आहे: बूट बाहेर काढायचे, दिवा लावायचा नाही, आणि झोपलेल्याला उठवायचं नाही. बोलावणं ज्याचं, त्यालाच फक्त उठवायचं. दमलेल्या माणसाची झोप मोडणं म्हणजे पाप, असं आम्ही सगळेच मानत आलो. त्यात चूक काय ते सांगतो पुढे.

डॉक्टर अंधारात आत आले. दाराकडची खाट त्यांची. चार्जर तिच्याच उशाशी. आणि खिडकीकडच्या खाटेवर नेहमीचे ते झोपलेले.

नेहमीचे म्हणजे... गेला महिनाभर डॉक्टरांनी त्यांना तिथे पाहिलं होतं. भिंतीकडे तोंड, डोक्यापर्यंत पांघरूण, आणि काळे बूट बाहेर न ठेवता खाटेखालीच, नाडी न सोडता ओढून काढलेले. असेल कुणी दुसऱ्या वॉर्डाचा. या खोलीत कोण कुणाला विचारतो? दोन माणसं वर्षभर एका खोलीत झोपतात आणि एकमेकांचा चेहरा ओळखत नाहीत. कधीही या, तो आपला झोपलेलाच. डॉक्टरांना त्याचा थोडा हेवाही वाटायचा.

त्यांनी चार्जर खिशात घातला. जायला हवं होतं. पण पाय निघेनात. ते खाटेच्या कडेला टेकले. पाच मिनिटं, मनात म्हणाले. आणि का कोण जाणे, त्या पाठमोऱ्या माणसाशी बोलायला लागले. हळू आवाजात.

‘तुम्हाला बरी झोप लागते हो.’

उत्तर नको होतंच.

‘मला लागत नाही. लागली तरी उठल्यावर तसाच असतो. तीन आठवड्यांपूर्वी एक माणूस गेला माझ्या हातात, आणि मला काही वाटलं नाही. आजी रोज विचारतात, जेवलात का. मी हो म्हणतो. आठवतच नाही जेवलो का. कुणाला सांगायचं हे? ताईला सांगितलं तर ती रडेल. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तर म्हणतील, आम्हीही केल्यात रात्री.’

जिथे कुणी ऐकत नाही, तिथेच माणूस खरं बोलतो. डॉक्टर मला म्हणाले, मामा, वर्षभरात मी एवढं सलग कुणाशी बोललो नव्हतो, आणि तेही एका पाठीशी.

तर त्यांचं बोलून झालं. खाली कुठेतरी गाडा ओढल्याचा आवाज झाला, तो थांबला.

आणि खिडकीकडच्या पांघरुणातून आवाज आला.

‘पाच मिनिटांनी... उठवा.’

झोपाळलेला. कोरडा. तरुण माणसाचा.

डॉक्टरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, ‘बघतो.’

त्यानंतर गारवा आला. खिडकी बंद होती. तरीही आला. पायांकडून वर चढला. डॉक्टरांना वाटलं, थोडं पडावं. डोळे मिटलेले कळले नाहीत.

उघडले... तर समोर भिंत.

भिंत त्यांच्या खाटेला लागून नव्हती. भिंत खिडकीकडच्या खाटेला होती.

हलायला गेले. हात हलेना. मान वळेना. अंगावर पांघरूण, डोक्यापर्यंत. त्यांना ते कुणी घातलं?

दार उघडलं. पावलं. दबक्या आवाजात कुणी म्हणालं, ‘लेकरू दमलंय. नका उठवू.’

दार लोटलं गेलं.

त्यांना ओरडायचं होतं... मी जागा आहे. आवाज नाही.

उशीखाली काहीतरी थरथरलं. फोन. वाजतोय... वाजतोय... थांबला. पुन्हा. त्यांना वाटलं, अकरा नंबर. आजी. श्वास तिसाच्या वर गेला. उठायला हवं. आत्ता.

फोन थांबला.

दार उघडलं. दुसरा आवाज. ‘अजून झोपलाय?’ ... ‘झोपू दे बिचाऱ्याला.’ ... दार लोटलं.

पांघरुणाच्या विणीतून उजेड दिसला. सकाळ झाली? मग तो पिवळा झाला. मग तांबडा. मग गेला. अख्खा दिवस... पांघरुणाखाली.

आणि किती माणसं आली. चपला बाहेर काढून आली. दिवा न लावता आली. हळू बोलली. सगळ्यांना दया. सगळ्यांना माया. कुणी जवळ येईना.

छातीत काहीतरी... थांबत चाललं होतं. दुखत नव्हतं. फक्त थांबत होतं. एका बाजूने बरंही वाटत होतं. आता काही बघायला नको.

तेवढ्यात त्यांना आजी आठवल्या. पाठ ताठ ठेवा.

त्यांनी सगळा जीव जिभेवर आणला. आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्या माणसाने. ओठ हलेनात... हलेनात...

‘उठवा.’

... ... ...

‘मला उठवा.’

आता माझ्याकडून ऐका. सिस्टरनी डॉक्टरांना फोन लावला तेव्हा दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. फोन बंद. बॅटरी खलास. त्यांनी बोलावण्याच्या वहीत वेळ टाकली, वही माझ्या हातात दिली, म्हणाल्या, ‘मामा, धावा. अकरा नंबरचा श्वास चौतीस झालाय.’ मी जिना चढलो. या वयात धावणं कसलं, गुडघे कुरकुरत होते. दार उघडलं, तर खिडकीकडच्या खाटेवर डोक्यापर्यंत पांघरूण घेतलेला माणूस, भिंतीकडे तोंड. दुसरी खाट रिकामी.

आणि माझे पाय दारातच रुतले.

कारण तीच खाट, तेच पांघरूण, तशीच पाठ मी आधी पाहिली होती. त्याच्याही दहा वर्षं आधी, म्हणजे आजपासून बारा वर्षांपूर्वी.

एक तरुण डॉक्टर होते, ऑपरेशनच्या वॉर्डाचे. तीन दिवस, तीन रात्री उभे होते. पहाटे पाचला मला म्हणाले, ‘मामा, जरा पडतो. पाच मिनिटांनी उठवा.’ पाच मिनिटांनी मी गेलो. बघतो तर गाढ झोपलेले. चेहरा लहान मुलासारखा. मला दया आली. मी म्हटलं, लेकरू दमलंय, नको उठवायला. पांघरूण घातलं. दार लोटलं. जो येईल त्याला दारातून परत पाठवलं. दिवसभर सगळे येऊन बघून जात होते. संध्याकाळी माझ्या जागी दुसरा आला, त्यालाही मी सांगून गेलो, उठवू नको. रात्री एकला कुणाला तरी शंका आली, तेव्हा अंग गार होतं. मोठे डॉक्टर म्हणाले, सकाळी आठच्या आसपास गेले असतील, हृदय थांबलं.

आठच्या आसपास. म्हणजे पाच वाजून पाच मिनिटांनी ते जिवंत होते. उठवले असते तर मला शिव्या घातल्या असत्या, चहा मागितला असता, छातीत कसंतरी होतंय म्हणाले असते. मी उठवलं नाही. मायेने उठवलं नाही. हे मी बारा वर्षं माझ्या बायकोलाही धड सांगितलेलं नाही.

तर त्या रात्री मी दारात उभा, हातात वही. आणि पांघरुणातून आवाज आला. घोगरा, मेल्यासारखा. ‘मला उठवा.’

मी रिवाज मोडला. बूट घालून आत गेलो, दिवा लावला, पांघरूण ओढलं. बघतो डॉक्टर होते. ओठ निळे, कपाळ बर्फ. मी दोन्ही खांदे धरून हलवलं, ‘डॉक्टर, उठा’, आणि उठले नाहीत तेव्हा सरळ एक थोबाडीत दिली. आयुष्यात डॉक्टरांवर हात टाकला तो तेवढाच. त्यांनी श्वास ओढला, पाण्यातून वर आल्यासारखा. पहिलं वाक्य काय बोलले असतील?

‘आज वार कोणता?’

म्हटलं, ‘वार राहू द्या. दोन वाजून दहा मिनिटं झालीत. अकरा नंबर, श्वास चौतीस.’

धावले. अनवाणी धावले. मी वही घेऊन मागे. इंजेक्शन दिलं, मास्क लावला, आजींना बसतं केलं. अर्ध्या तासाने श्वास सव्विसावर आला. आजींनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, मास्कमधून काहीतरी पुटपुटल्या. डॉक्टर वाकले. मग त्यांची पाठ हळूहळू ताठ झाली, आणि तो माणूस खाटेच्या दांड्याला धरून हमसून हमसून रडायला लागला. वर्षभराचं रडू होतं ते. सिस्टरनी पडदा ओढून घेतला.

पहाटे आम्ही जिन्यावर बसलो. त्यांनी सगळं सांगितलं, जे मी आता तुम्हाला सांगितलं. मी मनाशी म्हणत होतो, दमलेल्या मेंदूचे खेळ. मग त्यांनी विचारलं, ‘मामा, एक सांगा. फोन उशीखाली कोणी ठेवला होता? माझा तर खिशात होता, आणि बंद होता.’

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण बारा वर्षांपूर्वी त्या लेकराचा फोन सकाळपासून वाजत होता. पडद्यावर ‘आई’ लिहिलेलं दिसत होतं. त्यांची झोप मोडू नये म्हणून मीच तो उचलून त्यांच्या उशीखाली दाबून ठेवला. खोलीत तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. मेल्यानंतर सगळ्यांना वाटलं, त्यांनीच ठेवला असेल. मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला म्हणजे कुणालाही नाही.

त्या पहाटे डॉक्टरांना सांगितलं. मग त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि पाच वाजता बहिणीला लावला.

‘ताई, मी बोलतोय. नाही, काही झालं नाही... झालंय. मला बरं नाहीये, ताई. खूप दिवस बरं नाहीये.’

पलीकडून काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. उठून चार पायऱ्या खाली जाऊन बसलो. पण ताई दुपारच्या गाडीने आली, एवढं खरं.

डॉक्टर तीन महिने रजेवर गेले. मनाच्या डॉक्टरीणबाई आहेत आपल्या, खालच्या मजल्यावरच्या, त्यांच्याकडे जायला लागले. बाईंना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनी भुताला नावंही ठेवली नाहीत आणि मानलंही नाही. म्हणाल्या, झोपेत अंग लुळं पडतं आणि मेंदू जागा राहतो, असं होतं. पण दुसरं म्हणाल्या ते मी लक्षात ठेवलंय. दमणं वेगळं आणि विझणं वेगळं. दमलेला झोपून उठला की ताजा होतो. विझलेला झोपतो, उठतो, तसाच असतो. त्याला नुसतं झोपू देऊन भागत नाही, कुणीतरी जवळ जाऊन खांदा हलवावा लागतो.

रजेवरून आले ते जरा भरून आले होते. महिन्यातल्या रात्री मोजून घ्यायला लागले. पहिल्यांदा कुणाला तरी ‘नाही, जमणार नाही’ म्हणाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आता दुसऱ्या गावी असतात, ताईच्या घराजवळ. जाण्याआधी ही पाटी त्यांनीच आणली आणि स्वतः खिळा ठोकला. म्हणाले, मामा, इथे जो आडवा होईल त्याने नाव लिहायचं, वेळ लिहायची, आणि त्या वेळेला कुणीतरी आत जाऊन त्याला हात लावून उठवायचं. परत झोपला तर झोपू दे. पण उठवायचं.

तेव्हापासून मी उठवतो. शिव्या खातो आणि उठवतो. आणि उठला की विचारतो, जेवलात का.

आता शेवटचं, आणि हे मोठ्या डॉक्टरांना सांगू नका. पाटीवर अधूनमधून एक ओळ जास्त सापडते. नाव नसतं. वेळही नसते. पहिल्यांदा वाटलं, कुणी चेष्टा करतंय. दोन दिवस नुसती पुसून टाकली, तर दोन्ही दिवस ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो, आत गेलो, या रिकाम्या खाटेच्या उशाशी वाकलो, आणि म्हणालो, ‘डॉक्टर, उठा. पाच मिनिटं झाली.’ सकाळी ओळ नव्हती. कुणी पुसली, ते मला नका विचारू.

एकतीस तारखेला मी नोकरीतून सुटतोय. म्हणून सांगितलं. नाहीतर कशाला तोंड उघडलं असतं?

आले वाटतं दिवे. चला, बोलावणं नाही तोवर पडा जरा. नावं लिहिलीत ना पाटीवर? संध्याकाळी मी आत आलो तेव्हा पाहिली होती, तिघांची तीन. त्यानंतर तुमच्यापैकी कुणी बाहेर गेलेलं नाही, माझ्यासमोरच बसला आहात.

तो टॉर्च द्या इकडे. कॉरिडॉरचा दिवा अजून लागलेला नाही. दार थोडं ओढा...

एक. दोन. तीन.

आणि हे चौथं. बघा, वाचा तुम्हीच. ‘पाच मिनिटांनी.’

तुमच्यापैकी कुणाचं अक्षर आहे हे?

... नाही?

बरं. मग घड्याळ बघा, आणि आज कुणीतरी एकजण माझ्याबरोबर त्या खाटेपाशी या. खांद्याच्या जागी हात ठेवायचा, आणि हाक मारायची. एवढंच.